गैरहजरांचा वाटा

आमच्या शाळेत नववीच्या आठ तुकड्या होत्या आणि त्यांतल्या चार आणि आठवीची एक, अशा पाच तुकड्यांना मी मराठी शिकवायची. एकेका तुकडीत साठ-पासष्ट पोरं. म्हणजे रोजचे तीनशे चेहरे. त्यांतले दोनच प्रकार मला ओळखू यायचे, फार हुशार आणि फार वांड. मधली सगळी जनता माझ्यासाठी ‘ए, खिडकीजवळचा’, ‘ए, लाल रिबिनवाली’ नाहीतर ‘तू नव्हे रे, तुझ्या मागचा’. या ‘तुझ्या मागच्या’ नावाची निदान शंभर पोरं माझ्या हाताखालून दहावी होऊन गेली असतील. आष्ट्याच्या बाजारात एखादा मिशीवाला बाप्या वाकून पाया पडतो, “बाई, ओळखलंत का?” म्हणतो. मी “अगंबाई, तू होय!” म्हणते. तेवढ्यावर भागतं. तो खूश, त्याची बायको खूश, आणि मी भाजी घेऊन घरी.

शाळा सांगली-आष्टा रस्त्यावरच्या एका मोठ्या गावात. माझं सासर आष्टा, माहेर साताऱ्याकडचं, रहिमतपूर. मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं कळणारच आहे. “रहिमतपूरचं पाणीच तसं,” असं माझे यजमान म्हणतात. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तरी ते दोष पाण्याला देतात, हा त्यांचा चांगुलपणा.

तर चार-पाच वर्षांपूर्वी आमचे मुख्याध्यापक साताऱ्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले आणि एक कापडी पिशवी, एक गळ्यातलं ओळखपत्र आणि एक कल्पना घेऊन परत आले. पिशवी बाईंनी दळणाला घेतली, म्हणजे त्यांच्या घरच्या बाईंनी. कल्पना मात्र आमच्या बोकांडी बसली. सरांनी शिक्षकांची सभा बोलावली. मोठ्या शाळेत मूल हरवतं, म्हणाले. कोणी त्याला ओळखत नाही, तेही कोणाला ओळखत नाही. म्हणून मोठ्या शाळेच्या पोटात छोट्या शाळा करायच्या. आधी फक्त नववीवर प्रयोग. नववीचे चार गट. प्रत्येक गटाला आपले शिक्षक, आपल्या खोल्या, आपलं वेळापत्रक. तीच पोरं, तेच शिक्षक, दहावीपर्यंत.

सर तासभर बोलत होते. ‘अध्ययन समुदाय’ हा शब्द सात-आठ वेळा आला. निम्मे शिक्षक डोळे उघडे ठेवून झोपले होते, ती कला आमच्याकडं नोकरी लागल्यावर दोन वर्षांत येते. मग आमचे विज्ञानाचे सर, नोकरीनं सगळ्यांत ज्येष्ठ, त्यांनी विचारलं, “म्हणजे थोडक्यात वाटणी?”

बास! त्या एका शब्दानं खोलीत वारं शिरलं. खुर्च्या पुढं सरकल्या. आमच्या भागात माणूस एक वेळ बेरीज विसरेल, पण वाटणी! जन्माला येतानाच सातबारा वाचत येतात लोक. समुदाय कोणाला कळला नव्हता, वाटणी सगळ्यांना कळली. बांध कुठं घालायचा, नळ कोणाकडं, प्रयोगशाळा सामाईक की कोणाच्या हिश्श्याला, एकुलत्या एका बाजाच्या पेटीचं काय करायचं, सगळे एकदम बोलायला लागले.

“रीत ठरलेली आहे,” मुख्याध्यापक म्हणाले. ते स्वतः चार भावांतले तिसरे. त्यांच्या चेहऱ्यावर प्रशिक्षणात नसेल एवढं तेज आलं होतं. “थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा.”

ही रीत मोठी शहाणी आहे. वाटे घालणाऱ्याला शेवटी उरलेला घ्यावा लागतो, म्हणून तो मुकाट्यानं सारखे वाटे घालतो. इथं थोरले कोण, तर विज्ञानाचे सर. धाकटी कोण, तर पोरं. सरांनी चार वाटे घालायचे, पोरांनी आपापला उचलायचा. सभेनं टेबलं बडवली.

तेवढ्यात चहा घेऊन आलेले शिपाईमामा दारातच थांबले. मामा फौजेतून निवृत्त होऊन आमच्याकडं आलेले. त्यांना नियमातली भोकं लगेच दिसायची. “साहेब, त्या दिवशी जो हाजिर नसंल, त्याचं काय?”

मुख्याध्यापकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “आमच्या वाटणीच्या वेळी दोन नंबरचा भाऊ सीमेवर होता. रजा मिळाली नाही. आमचे वडील म्हणाले, गैरहजराचा वाटा बुडत नसतो. उरलेला वाटा त्याचा.” आणि त्यांनी सभेच्या रजिस्टरात तसं लिहिलं, स्वतःच्या अक्षरात: गैरहजरांना उरलेला वाटा.

मी उठून विचारलं, “आणि वाटे घालणाऱ्याला उरलेला घ्यावा लागतो, ते कुठं गेलं?”

“बाई,” विज्ञानाचे सर म्हणाले, “इथं मी थोरला नव्हे, पंच आहे. पंचाला वाटा नसतो, जबाबदारी असते.”

घ्या! त्या पंचानं काय वाटे घातले ते ऐका. चार वाट्यांना चार नद्यांची नावं दिली. कृष्णा: नवी इमारत, पंखे, प्रयोगशाळा आणि पंच स्वतः. कोयना: संगणकाची खोली आणि इंग्रजीच्या गोड बाई. वारणा: मैदानाकडच्या खोल्या आणि खेळाचे सर. चौथी येरळा: सायकल स्टँडमागचा पत्र्याचा चित्रकला हॉल, मधे फळी टाकून दोन खोल्या केलेल्या. एक पृथ्वीचा गोल, दक्षिणेकडून फुटलेला. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेले गणिताचे सर, ज्यांचा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढं जात नाही अशी ख्याती. आणि मी. आदल्या उन्हाळ्यात शिक्षकखोलीतला पंखा कोणाच्या डोक्यावर फिरावा यावरून पंचाचं आणि माझं वाजलं होतं, तो पंखा असा फिरला.

येरळा म्हणजे कशी नदी, ते आमच्याकडं चौथीतल्या पोराला ठाऊक असतं. पावसाळ्यात चार दिवस पाणी, एरवी वाळू. मी तसं म्हटलं, तर पंच म्हणतात, “नदीला नावं ठेवू नये, बाई.”

जूनमध्ये वाटणीचा दिवस आला. पटांगणात चार बाक, चार पाट्या, बाकांमागं शिक्षक. पोरांनी हव्या त्या पाटीपुढं रांग धरायची. कृष्णेची रांग मुतारीला वळसा घालून गेली. कोयनेची झेंड्यापर्यंत. वारणेपुढं ढकलाढकली. येरळेच्या पाटीमागं मी आणि गणिताचे सर दोन खुर्च्यांवर, समोर मोकळं अंगण. लग्नात वाढप्यांनी विसरलेली पंगत असते ना, तसे आम्ही बसलो होतो. तासाभरानं एक पोरगा आमच्याकडं आला. मी सावरून बसले. “बाई, कृष्णाची रांग कुठनं सुरू हुती?” मी बोटानं दाखवली.

पन्नाशीला टेकलेल्या बाईला अशा गोष्टीचं वाईट वाटायचं काही कारण नाही. मला लय वाईट वाटलं. घरी येऊन मी तीन वेळा भांडी घासली.

आता त्या दिवशी झालं होतं असं, की वाड्या-वस्त्यांकडून येणारी सकाळची एसटी वाटेत बंद पडली. शिवाय सोयाबीनची पेरणी चाललेली. अठ्ठावन्न पोरं शाळेत आलीच नव्हती. ती दुसऱ्या दिवशी उगवली, तेव्हा तिन्ही नद्या दुथडी भरलेल्या. नियमाप्रमाणं उरलेला वाटा त्यांचा. पटांगणात रांगेनं उभं करून मामांनी त्यांना सायकल स्टँडमागं आणून सोडलं. “बाईसाहेब, आपकी पलटन.”

बाकीच्या पोरांनी त्यांचं त्याच दिवशी बारसं केलं. येरळा कोणी म्हणेनाच. ‘गैरहजर’ म्हणायचे. “ए, ते बघ गैरहजर चालले.” “गैरहजर हुता म्हणून तुमास्नी ही बाई मिळाली रं!” हे माझ्या कानांवर पडायचं, आणि ज्याच्या तोंडून पडायचं त्याचा कान मग माझ्या हातात असायचा.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण गोड बोलून सुरी फिरवायची सवय. “बाई, दहावीपर्यंत तेच गट म्हटलं होतं, पण आधी वर्षभर बघू. एप्रिलमध्ये दहावीसाठी फेरवाटणी करू. तेव्हा येरळेच्या वाट्याला पोरं आली नाहीत तर वाटा बंद करावा लागेल, आणि तुमची जागा जास्तीची ठरेल. संस्थेची रहिमतपूरकडं शाखा आहे. तुमचं माहेरच तिकडं, बरंच की!”

बरंच की! अहो, बाई माहेरी सणाला जाते, बाळंतपणाला जाते. कोणी उचलली नाही म्हणून पन्नाशीला माहेरी परत पाठवलेली बाई तुम्ही बघितलीय का? भावजय काय म्हणेल? मी “बरं” म्हटलं आणि बाहेर येऊन मामांवर विनाकारण ओरडले.

पहिल्याच आठवड्यात माझी पंचाईत झाली. एका खोलीत एकोणतीस पोरं. ‘खिडकीजवळचा’ म्हणावं तर खिडकी एकच आणि तिच्यात पारव्यांचं घरटं. ‘तुझ्या मागचा’ म्हणावं तर मागं भिंत. पोरं दबून बसलेली, मी त्यांच्याकडं बघतेय, ती माझ्याकडं. लपायला ना त्यांना जागा, ना मला. मग काय करता! नावं पाठ करायला घेतली. भाकऱ्या थापताना म्हणायची. यजमान पहिल्यांदा घाबरले, त्यांना वाटलं मी कुठला जप धरलाय.

आणि गणिताचे सर! अठ्ठावीस वर्षं सगळी शाळा म्हणत होती, या माणसाला शिकवता येत नाही. अहो, त्यांना उत्तम येत होतं, ऐकू कोणाला येत नव्हतं. या एकोणतीस पोरांना ऐकू आलं. फळीपलीकडं मला ऐकू यायचं. पोरं हसायची, प्रश्न विचारायची. एकदा तर मी मराठीचा तास थांबवून भूमितीचं प्रमेय ऐकत बसले. मला ते शाळेत असताना कधी कळलं नव्हतं.

वांधा होता तो वेळेचा. शाळा भरायची साडेदहाला आणि वाड्यांची एसटी यायची अकराच्या सुमाराला. आमची निम्म्याहून जास्त पोरं त्या गाडीची. वर्षानुवर्षं असल्या पोरांना उशीर झाला म्हणून फाटकाबाहेर कागद वेचायला लावायचे. आमचं पटांगण स्वच्छतेचं बक्षीस कसं मिळवतं ते मला तेव्हा कळलं. आता वेळापत्रक आमचं आम्ही ठरवायचं होतं ना? मी ठरवलं: येरळेची प्रार्थना एसटी आल्यावर. गाडी फाटकाशी आली की चालक दोनदा हॉर्न द्यायचा, वाहक दारातून ओरडायचा, “चला, प्रार्थना उतरा!” आणि पोरं पळत येऊन हात जोडायची. गाडी बाराला आली तर प्रार्थना बाराला. पंचानं तक्रार केली की त्या हॉर्ननं कृष्णेत तराजूचा काटा हलतो. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला, पण नियम त्यांचाच होता. पोरं गाडी चुकवेनाशी झाली. येरळेची हजेरी शाळेत सगळ्यांत वर गेली. गैरहजरांची हजेरी!

त्या पोरांत एक मुलगी होती. वडील फौजेत, घरी आई आणि दोन म्हशी. पहाटे धार काढून, डेअरीला दूध घालून ही एसटी पकडायची. तोंडातून शब्द निघायचा नाही. मी हजेरी घ्यायची, तिचं नाव यायचं, आणि ओठ हलल्यासारखे दिसायचे. एकोणतीस पोरांत ते दिसायचे तरी.

दिवाळीनंतर एकदा तिच्या प्रगतिपत्रकात आठवीच्या नोंदी बघत होते. निम्मं वर्ष गैरहजर. मी तिला समोर उभं केलं आणि सुरू झाले. “काय गं, आठवीत काय दिवे लावत होतीस? शाळा म्हणजे काय धर्मशाळा आहे?” ती खाली बघत म्हणाली, “मी येत हुते, बाई.”

“मग हे काय? रजिस्टर खोटं बोलतं?”

“मी हजर म्हनायची. पर ऐकू जात नव्हतं.”

“मग वर्गशिक्षकांना सांगायचं नाही?”

मी आठवीचं मूळ रजिस्टर तावातावानं पुढं ओढलं, कोण तो बहिरा शिक्षक ते बघायला. अक्षर माझं होतं. आठवी ‘फ’ची वर्गशिक्षिका मीच. निम्मं वर्ष मी त्या पोरीला डोळ्यांसमोर बसवून गैरहजर लिहिलं होतं, लफ्फेदार अक्षरात.

“मला का नाही सांगितलंस गं?” माझा आवाज तिच्यासारखा झाला.

“सांगितलं हुतं की बाई. तुमास्नी ऐकू न्हाई आलं.”

मी तिला जवळ घेतलंबितलं नाही, मला ते जमत नाही. मी म्हटलं, “उद्यापासून मोठ्यानं म्हणायचं. म्हशीला हाक मारतेस तशी.” ती हसली. पण त्या दिवसापासून हजेरी घेताना मी प्रत्येक ‘हजर’ ऐकल्याशिवाय पुढं जाईना. आणि एप्रिलची भीतीही त्याच दिवशी सुरू झाली. तोवर मला रहिमतपूरची लाज वाटत होती. आता ही अठ्ठावन्न पोरं आपल्याला सोडून जातील याचीच भीती वाटायला लागली.

मार्चमध्ये बाकीच्या नद्यांना पूर आला. कृष्णेनं रंग बदलणाऱ्या द्रावणांचा खेळ दाखवला. कोयनेनं छातीवर लावायचे बिल्ले वाटले. वारणेनं कबड्डीचे सामने भरवले. गणिताचे सर मला म्हणाले, “आपण काही करायचं का?”

“मी काय ग्रामपंचायतीला उभी आहे?” मी कडाडले. “ज्याला यायचं तो येईल. मी कोणाच्या दाढीला हात लावणार नाही.”

माझा स्वभाव हा असा. सूचना वर्गात वाचायची होती. तीत सगळं नीट लिहिलं होतं, पाट्या, रांगा, कोणी कुठं उभं राहायचं. मी पहिली ओळ वाचली, “सोमवारी साडेदहा वाजता फेरवाटणी,” आणि पुढं वाचवेना म्हणून कागद मिटून टाकला. ती मुलगी उभी राहिली. “बाई, हजर ऱ्हायलंच पायजे का?”

मला वाटलं, हिलासुद्धा यायचं नाहीये! “तुमची मर्जी!” मी म्हटलं. “मी कोणाला ओढून आणायला येणार नाही.” पोरांनी एकमेकांकडं बघितलं. मी खडू उचलून फळ्याकडं वळले.

सोमवारी मी इस्त्रीची साडी नेसले. गणिताच्या सरांनी नवा शर्ट घातला होता, घडी न मोडलेला. पुन्हा तेच पटांगण, त्याच पाट्या, त्याच दोन खुर्च्या. तिन्ही नद्यांची पोरं आली, रांगा लागल्या. आमच्याकडचं एकही दिसेना. मी मनाशी म्हटलं, एसटी यायचीय. अकराला गाडी आली. चालकानं सवयीनं दोनदा हॉर्न दिला. दोन म्हाताऱ्या आणि एक गॅसची शेगडी उतरली. वाहक दारातून वाकून म्हणाला, “बाई, आज तुमचं एकबी पोरगं न्हाई. स्टॉपवर कुत्रं बी नव्हतं.”

एकही नाही. दुसऱ्या रांगेत जरी उभी राहिली असती, तरी मी समजून घेतलं असतं. पण निरोप घ्यायलासुद्धा कोणी येऊ नये?

पंच पाठीमागं हात बांधून आले. “येरळाच ती, बाई. उन्हाळ्यात आटायचीच.”

एरवी मी त्यांना सोडलं नसतं. पण त्या दिवशी डोळ्यांत पाणी भरलं होतं आणि ते या माणसासमोर पडू द्यायचं नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, “गप्प बसा.” गणिताचे सर. तोच बारीक आवाज, पण झेंड्यापर्यंत ऐकू गेला. पंच आपल्या बाकाकडं वळले.

मी स्कूटी काढली. “कुठं?” सरांनी विचारलं. “जाब विचारायला! सोडून जायचं तर जा, पण तोंडावर सांगून जा.” सर मागं बसले, नव्या शर्टासकट. वाडीचा रस्ता म्हणजे उसाच्या गाड्यांनी पाडलेली चाकोरी. सर प्रत्येक खड्ड्याला “बाई, हळू” म्हणत होते आणि मी प्रत्येक खड्डा शोधून त्यात घालत होते.

वाडीत पोरं नव्हती. एका आजीनं हात केला, “समदी तिकडं, फौजीच्या वस्तीवर.” त्या मुलीच्या घरी. आम्ही वस्तीवर पोचलो तर गोठ्याशेजारच्या चिंचेखाली आमची अख्खी येरळा बसलेली. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न. गावातली पोरंसुद्धा सायकली हाणत तिथं आलेली. भाकरी, खर्डा, फोडलेल्या कैऱ्या. मला बघून सगळी ताडकन उभी राहिली, तोंडातला घास तोंडात.

“लाज नाही वाटत?” मी सुरू झाले. “मी तिथं खुर्चीवर बसलेय आणि तुम्ही इथं कैऱ्या खाताय? एकाला यावंसं वाटलं नाही? अरे, मी काय एवढी वाईट आहे?”

शेवटचं वाक्य मला म्हणायचं नव्हतं. ते निसटलं.

ती मुलगी पुढं आली. तिच्या हातात वहीचं पान होतं आणि त्यावर सगळ्यांची नावं. “बाई, कोन चुकून साळंला जाऊ नये म्हनून समद्यास्नी हितं बोलीवलं. म्या हजेरी बी घेतली. समदी गैरहजर हायती.”

“म्हणजे?”

“हजर ऱ्हानाऱ्यास्नी कृष्णा-कोयना मिळती. गैरहजर ऱ्हायलं तर तुमी मिळता. गेल्या सालाला तसंच झालं न्हवं?”

मी चिंचेच्या बुंध्याला हात टेकला. “अगं वेडे, तसं नसतं. यायचं आणि माझ्या रांगेत उभं राहायचं!”

“आमास्नी काय म्हाईत?” मागून एक पोरगा म्हणाला. “गेल्या वाटनीला आमी नव्हतोच की, बाई.”

खरंच की. ती वाटणी बघितलेलं एकही पोर त्यांत नव्हतं. कागदावर सगळं लिहिलेलं होतं, तो कागद मी मिटून टाकला होता. गणिताचे सर चष्मा पुसायला लागले. मी रडले, अगदी नाक ओढून रडले, आणि पोरं घाबरून एकमेकांकडं बघायला लागली. त्यांनी मला ओरडताना पुष्कळ वेळा बघितलं होतं, हे नवीन होतं. मुलीच्या आईनं घरातून पाण्याचा तांब्या आणला. “आवं बाई, पोरीनं काय केलं का?” मी म्हटलं, “केलं हो. लय केलं.”

मग मी मुख्याध्यापकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांच्या शेजारी सगळे ऐकत होते. पंच काहीतरी कुरकुरत होते, “एकाही पोरानं येरळा उचललेली नाही” वगैरे. मग मामांचा आवाज आला, “साहेब, रजिस्टरात आपन लिवलंय. गैरहजरांना उरल्याला वाटा. हुकूम आपलाच हाय.”

“बाई,” मुख्याध्यापक म्हणाले, “पोरांना सांगा, जूनमध्ये वेळेवर या. गैरहजराचा वाटा बुडत नसतो.”

मी फोन ठेवला आणि पोरांना म्हटलं, “बसा. हजेरी घ्यायचीय.” रजिस्टर शाळेत होतं. पानावरची यादी देण्यासाठी मुलीनं हात पुढं केला, मी नको म्हटलं. चिंचेखाली उभी राहून मी अठ्ठावन्न नावं घेतली, एकामागून एक, भाकऱ्या थापताना घेते तशी, न अडखळता. गणिताचे सर बोटांवर मोजत होते. तिचं नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

“हजर!” ती अशी ओरडली, की गोठ्यातल्या म्हशीनं दावं ताणून मान वर केली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी रजिस्टर उघडलं. सोमवारचा रकाना कोरा होता. त्यात मी अठ्ठावन्न वेळा गैरहजर लिहिलं, सावकाश, एकेका नावाकडं बघत, आणि खाली सही केली.